विषय: कब स्काउटच्या लाकडी गाड्यांच्या शर्यतीसाठी ‘सगळ्या पॅकच्या नियमात बसणारी’ म्हणून विकलेली चाकं तपासणीत बाद झाल्याबद्दल

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय/महोदया,

हे पत्र मराठीत लिहितो आहे, कारण तुमची जाहिरात मराठीत होती. आमच्या न्यू जर्सीतल्या मंडळाच्या गणपतीत तुमचा स्टॉल होता, वडापावच्या रांगेला लागून. ‘पाइनवुड डर्बीची काळजी सोडा, सगळ्या पॅकच्या नियमात बसणारी वेगवान चाकं’ हा फलक मी मराठीत वाचला आणि मराठीतच भुललो. चाकं, खिळे आणि गाडीचं वजन भरायला टंगस्टन या जड धातूचे तुकडे असा संच ३८ डॉलरला घेतला. पावतीची प्रत सोबत जोडली आहे.

माझा मुलगा आठ वर्षांचा, कब स्काउटमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या स्काउटमध्ये, वूल्फ या वयोगटात आहे; पॅक म्हणजे या मुलांचं स्थानिक पथक. स्पर्धा तुम्हाला नव्याने सांगायला नको. पाइनच्या लाकडाचा ७ इंची ठोकळा, प्लॅस्टिकची चार चाकं आणि आस म्हणून चार खिळे एवढ्यावर मुलाने गाडी करायची आणि उतारावरून सोडून द्यायची. इंजिन नाही, ढकलायचं नाही, जे काय ते गुरुत्वाकर्षण. आमच्या चिरंजीवांनी उन्हाळ्यात साताऱ्याला आजोबांकडे लाल एसटी पाहिली होती, त्यामुळे गाडी एसटीच होणार हे पहिल्या दिवशीच ठरलं. एसटीच्या आकाराची गाडी वारा कापत नाही, हे मी सांगून पाहिलं. ‘पण ती वेळेवर पोचते का ते बघू,’ असं उत्तर मिळालं. हे तो आजोबांकडून शिकला आहे.

शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या कॅन्टीनमध्ये वजन आणि तपासणी होती. गाडी ५ औंसांच्या, म्हणजे साधारण १४२ ग्रॅमच्या वर जाता कामा नये. लांबी ७ इंच, रुंदी पावणेतीन इंच, पोटाखाली तीन अष्टमांश इंच मोकळी जागा. बेअरिंग, वॉशर, स्प्रिंग काही चालत नाही, तेलही नाही, फक्त ग्रॅफाइटची कोरडी पूड. आमच्या पॅकच्या नियमांच्या कागदावर आणखी एक ओळ आहे: चाकं स्काउटच्या मूळ खोक्यातलीच असावीत, साच्याची रेघ घासून काढली तर हरकत नाही, पण चाकाचा आकार आणि वजन बदलायचं नाही. हा कागद तुमच्या स्टॉलवर माझ्या फोनमध्ये होता आणि मी तो तुमच्या माणसाला दाखवला होता. त्याने बघितल्यासारखं केलं आणि ‘चालतं हो, सगळीकडे चालतं’ म्हणाला.

काट्यावर एसटी बरोबर ५.०० औंस भरली. घरचा स्वयंपाकघरातला काटाही तेच सांगत होता, त्यामुळे मी निर्धास्त होतो. मग तपासणीला बसलेल्या गृहस्थांनी गाडी उलटी केली आणि चाकाच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवलं. तिथे साच्यात उमटलेली अक्षरं असतात. तुमच्या चाकांवर ती नव्हती, कारण ती चाकं लेथवर लावून आतून पातळ केलेली होती. त्यांनी मुलाला अगदी प्रेमाने विचारलं, ‘ही चाकं कोणी केली?’ मुलगा छाती काढून म्हणाला, ‘आम्ही विकत आणली, ही जास्त पळतात!’

रांगेत मागे सहा-सात मुलं आणि त्यांचे आईबाप उभे होते. कोणी काही बोललं नाही. मुलाला काही कळलं नाही, त्याच्या बाबाला सगळं कळलं.

हलकी चाकं का पळतात हे तुमच्या पत्रकातच लिहिलं आहे आणि ते बरोबर आहे. उतारावर मिळालेल्या शक्तीतली काही चाकांना फिरवण्यातच खर्च होते. चाक जितकं हलकं, विशेषतः कडेला, तितका तो खर्च कमी. म्हणूनच तर बरेच पॅक ही चाकं चालू देत नाहीत! ज्याच्या बापाकडे लेथ आहे किंवा ३८ डॉलर आहेत, त्याचीच गाडी पुढे जायला नको म्हणून.

आता खरी गंमत ऐका. बायको घरी जाऊन खोक्यातली मूळ चाकं घेऊन आली, जायला-यायला चाळीस मिनिटं. आम्ही तुमची चाकं काढून ती बसवली आणि पुन्हा काट्यावर गेलो, तर ५.१४! तुमची चारही चाकं मिळून साडेसहा ग्रॅमची, मूळची साडेदहाची. म्हणजे तुमच्या चाकांनी वाचवलेलं वजन आम्ही टंगस्टनच्या रूपात गाडीत आधीच भरून बसलो होतो. हा फटका ज्याने कधी गाडी बनवली आहे त्यालाच कळेल. दुसरी चाकं लावायची तर गाडीचं पोट फोडावं लागतं.

टंगस्टन मागच्या आसापासून इंचभर पुढे चिकटवा, हा तुमच्या पत्रकातला सल्लाही बरोबर आहे. उतारावर गाडी उभी असताना मागचं टोक उंच असतं, तिथल्या वजनाला खाली यायला जास्त अंतर मिळतं. आम्ही तसंच केलं होतं आणि गोंद तुम्ही सांगितलेलाच वापरला होता. तो गोंद उत्तम आहे. इतका की एक तुकडा काढायला स्क्रू ड्रायव्हर आणि हातोडी लागली. तुकडा निघाला तो मागचा लाकडी कोपरा आणि त्यावरची ‘सातारा-स्वारगेट’ ही पाटी घेऊनच. ती पाटी मुलाने टूथपिकने दोन संध्याकाळी लिहिली होती. तुमच्या टंगस्टनबद्दल मात्र तक्रार नाही, जसं सांगितलं तसंच निघालं. काटा ४.९८ वर आला, तपासणीची वेळ संपायला पाच मिनिटं होती. शनिवारी गाडी धावली, फुटक्या कोपऱ्यानिशी. सहाव्या नंबरवर आली, आठात. त्याचा राग नाही, एसटीला तेवढं चालतं.

सोमवारी मी तुम्हाला मराठीत ई-मेल लिहिला. उत्तर इंग्रजीत आलं. त्यात दोन गोष्टी होत्या: प्रत्येक पॅकचे नियम वेगळे असतात, ते तपासणं ग्राहकाची जबाबदारी, आणि पाकीट फोडलेलं असल्याने पैसे परत मिळणार नाहीत.

पहिल्या वाक्याबद्दल मी तुमचा आभारी आहे, कारण माझ्या तक्रारीचा पुरावा तुम्हीच दिलात. प्रत्येक पॅकचे नियम वेगळे असतील, तर ‘सगळ्या पॅकच्या नियमात बसणारी’ अशी चाकं जगात असूच शकत नाहीत. हे तुम्हाला ठाऊक होतं आणि तरी फलकावर आणि पाकिटावरही तेच छापलंत. दुसऱ्या वाक्याचं म्हणाल, तर चाकं पाकीट न फोडता गाडीला कशी लावायची, ते कृपया कळवावं.

तुमच्या पत्रकाच्या मागे या स्पर्धेचा इतिहास छापला आहे. १९५३ साली कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचला डॉन मर्फी नावाच्या कबमास्टरने, म्हणजे पॅकच्या प्रमुखाने, ही सुरू केली. त्यांचा मुलगा दहा वर्षांचा होता, बसून चालवायच्या सोपबॉक्स गाड्यांच्या शर्यतीला वयाने लहान पडत होता, म्हणून वडिलांनी त्याला हाताने करता येईल अशी छोटी गाडी शोधून काढली. हे त्याच कागदावर छापायचं ज्याच्या दुसऱ्या बाजूला तयार घासलेल्या चाकांची किंमत आहे, याला धाडस लागतं. मी साधू नाही. आमच्या एसटीचं निम्मं पॉलिश पेपरचं काम मीच केलं आहे, आणि त्या कॅन्टीनमधल्या कुठल्याही बापाने तसं नाही असं म्हणू नये. पण मुलाने तपासणीत अभिमानाने सांगावं आणि त्याच वाक्याने तो बाद ठरावा, एवढी वेळ मी त्याच्यावर आणली नसती, जर पाकिटावर खरं लिहिलं असतं.

माझ्या मागण्या. संचातल्या चाकांचे आणि खिळ्यांचे पैसे परत करावेत. टंगस्टनचे नकोत, ते आम्ही वापरलं. पाकिटावरचं आणि स्टॉलवरचं ते वाक्य काढून त्या जागी ‘लेथवर हलकी केलेली चाकं, आपल्या पॅकचे नियम आधी पाहा’ असं ठळक छापावं, मराठीतही. आणि ज्यांनी गणपतीत हा संच घेतला त्यांना लगेच कळवावं. बऱ्याच पॅकच्या शर्यती मार्चपर्यंत चालतात, अजून पुष्कळ जणांची तपासणी व्हायची आहे. तुमच्याकडे त्या सगळ्यांचे फोन नंबर आहेत, कारण दिवाळीत तुमचा शुभेच्छांचा मेसेज मलाही आला होता.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर कार्ड कंपनीकडे हा व्यवहार नाकारण्याचा अर्ज करीन आणि मंडळाच्या समितीला या पत्राची प्रत देईन, म्हणजे पुढच्या गणपतीत स्टॉल देण्याआधी त्यांना विचार करता येईल.

चाकं परत हवी असतील तर पाठवण्याचा खर्च तुमचा. तीनच मिळतील. चौथं तपासणीच्या गृहस्थांनी पुढच्या वर्षी पालकांना नमुना दाखवायला ठेवून घेतलं आहे.

आपला,
एका वूल्फ स्काउटचा बाबा

सोबत: पावतीची प्रत, पाकिटाचा फोटो, पॅकच्या नियमांचा कागद, तुमचा ई-मेल, एसटीच्या मागच्या बाजूचा फोटो