आधी पांढरा चेंडू दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

व्यावसायिक पूल (टेबलावर काठीने चेंडू मारून भोकांत, म्हणजे पॉकेटमध्ये, घालण्याचा खेळ) सर्वसामान्य प्रेक्षकांपर्यंत का पोहोचत नाही, यावरचा आपल्या क्रीडा पानावरील लेख वाचला. सामने छोटे करा, रोषणाई वाढवा, खेळाडूंना झगमगीत टोपणनावे द्या, असे उपाय त्यात आहेत. हे सगळे करून झाले आहे. टोपणनावांची तर या खेळाला कधीच टंचाई नव्हती. एफ्रेन रेयेस ‘मॅजिशियन’, जीनेट ली ‘ब्लॅक विडो’. तरी प्रेक्षक होते तेवढेच.

मी वीसेक वर्षे हा खेळ पाहतो. (खेळतोही, पण त्याबद्दल न बोललेले बरे.) एकदा अंतिम सामना लावून बसलो होतो, तेव्हा बायको मागे येऊन उभी राहिली. पाच-सहा चेंडू गेल्यावर म्हणाली, “सगळे सोपेच तर फटके आहेत. यात बघायचं काय?” मला राग आला. नंतर वाटले, दुखणे तिने एका वाक्यात सांगितले.

फटके सोपे असतात हे खरेच, आणि सगळे कसब तिथेच आहे. नाइन-बॉल या प्रकारात टेबलावरच्या सर्वांत लहान क्रमांकाच्या चेंडूला, काठीने मारायच्या पांढऱ्या चेंडूने आधी स्पर्श करावा लागतो आणि नऊ नंबर नियमाने पॉकेटमध्ये गेला की डाव संपतो. एवढे दोन मिनिटांत कळते. पण चांगला खेळाडू तीन नंबर घालताना तीनचा विचार करतच नसतो. पांढरा चेंडू कुशनवर (टेबलाच्या कडेवर) आदळून चारच्या कोणत्या अंगाला थांबला म्हणजे तिथून पुढे पाचवर जाता येईल, हा हिशेब चालू असतो. पांढऱ्याला खाली मारले तर तो टक्कर झाल्यावर मागे येतो, वर मारले तर पुढे धावतो, बाजूला मारले तर कुशनवरून निघताना कोन बदलतो. थांबायची जागा वीतभर चुकली की पुढचा फटका अवघड होतो आणि त्याच्या पुढचा बहुधा हातचा जातो. म्हणजे खेळाडू जितका थोर, तितका त्याचा खेळ सोपा दिसणार! उंच उडी मारणाऱ्यासमोरची दांडी सगळ्यांना दिसते. पूलमधली दांडी फक्त खेळाडूला दिसते.

कॅमेरा मात्र पॉकेटकडे लावलेला, आणि समालोचक ‘काय सुरेख पोझिशन!’ म्हणतो ते फटका झाल्यावर. त्याने ते आधी सांगायला हवे. फटक्यापूर्वी वरच्या कॅमेऱ्यातून, पांढऱ्याने जिथे थांबायला हवे तेवढा भाग पडद्यावर रंगवून दाखवावा. पुढच्या एका सामन्यात मी हेच बोटाने पडद्यावर दाखवत बसलो, तर तासाभरात बायकोच म्हणू लागली, “गेला, फार पुढे गेला.” तिला सामन्याची लांबी खुपली नाही.

पूलच्याच जातीच्या स्नूकरचे उदाहरण या लेखात यायला हवे होते. बीबीसीने १९६९ साली एकाच फ्रेमच्या (डावाच्या) सामन्यांचा ‘पॉट ब्लॅक’ हा कार्यक्रम सुरू केला, तो रंगीत दूरचित्रवाणीची जाहिरात व्हावी म्हणून. त्या वेळी तिथल्या कार्यक्रमांची सूत्रे डेव्हिड अॅटनबरो यांच्याकडे होती, हो, निसर्गपटांचे तेच. रंगीत चेंडूंचा खेळ रंगात दिसू लागल्यावर घराघरात कळू लागला. पुढे १९८५ च्या विश्वविजेतेपदाचा डेनिस टेलर आणि स्टीव्ह डेव्हिस यांच्यातला अंतिम सामना दोन दिवस चालला, मध्यरात्र उलटल्यावर शेवटच्या काळ्या चेंडूवर संपला आणि ब्रिटनमध्ये १ कोटी ८५ लाख लोक तो पाहत जागे होते. ‘लोकांना वेळ नाही’ हे कारण म्हणूनच मला पटत नाही.

पूललाही संधी आल्या. १९६१ आणि १९८६ साली आलेल्या दोन हॉलिवूडपटांनंतर अमेरिकेत पूलचे टेबल रिकामे सापडेना. पण ती गर्दी खेळणाऱ्यांची होती. हौशी माणूस सात फुटी टेबलावर, आपापल्या नियमांनी एट-बॉल हा वेगळा प्रकार खेळतो. व्यावसायिक नऊ फुटी टेबलावर बहुतेक वेळा नाइन-बॉल खेळतात. आपण खेळतो तोच हा खेळ, अशी ओळखच त्याला पटत नाही. त्यात एट-बॉल, नाइन-बॉल, टेन-बॉल अशा प्रत्येकाचा विश्वविजेता वेगळा. नवख्याने ‘सर्वांत भारी कोण?’ विचारले की आपण अडखळतो.

व्यक्तिमत्त्वे विकली जातात, हे लेखकाचे म्हणणे मान्य. १९७८ साली अमेरिकी दूरचित्रवाणीवर विली मोस्कोनी आणि ‘मिनेसोटा फॅट्स’ समोरासमोर आले. मोस्कोनी अनेकदा विश्वविजेता झालेला, फॅट्सच्या गाठीशी मुख्यत्वे गप्पा. सामना मोस्कोनीने जिंकला, पण लोकांना आठवला तो फॅट्स. करमणूक झाली, खेळाला नवा डोळस प्रेक्षक काही मिळाला नाही.

नुसत्या पैशाचेही तसेच. इंटरनॅशनल पूल टूरने २००६ मध्ये विजेत्याला ५ लाख डॉलर जाहीर केले, रेयेस जिंकला, आणि मग ठरलेली रक्कम द्यायलाच पैसे नव्हते. टूर लगेच कोसळली. आता सौदी अरेबियात जेद्दामध्ये पैसा खरा आहे, २०२४ चा विश्वविजेता फेदोर गोर्स्ट याला अडीच लाख डॉलर मिळाले. चांगलेच झाले, खेळाडूंची पोटे भरायला हवीत. पण बक्षिसाचा आकडा पाहून कोणी नऊ चेंडूंचा डाव शेवटपर्यंत बघत बसत नाही.

मोस्कोनी कपबद्दल लेखकाने लिहिले ते मात्र बरोबर आहे. १९९४ पासून चालणारी युरोप विरुद्ध अमेरिका ही स्पर्धा बघायला मजा येते. संघ असतो, फटक्याला वेळेची मर्यादा असते, प्रेक्षकांना ओरडायची मुभा असते. पण ती वर्षातून एकदा.

लेखकाला एकच विनंती. पुढचा सामना त्यांनी आवाज बंद करून पाहावा आणि रंगीत चेंडूंकडे अजिबात न बघता फक्त पांढऱ्यावर नजर ठेवावी. मग दुसरा लेख लिहावा, मी वाट पाहतो.

आपला,
एक नियमित वाचक