रविवारी ‘स्टिल ॲलिस’ : सभासदांसाठी सूचना

सभासदहो, नमस्कार.

येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता परभणीत, आपल्या नेहमीच्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये ‘स्टिल ॲलिस’ (२०१४) दाखवणार आहोत. चित्रपट इंग्रजी आहे, सुमारे पावणेदोन तासांचा. सुरुवातीला मराठीतून थोडी ओळख करून देऊ.

ॲलिस न्यूयॉर्कमधली भाषाशास्त्राची प्राध्यापक, वय अवघं ५०. आधी व्याख्यानात एक शब्द आठवत नाही, मग रोजच्या परिसरात धावताना ती वाटच विसरते. निदान अल्झायमरचं, तेही आनुवंशिक. त्यामुळे तपासणी करून घ्यायची का, हा प्रश्न तिच्या तिन्ही मुलांपुढेही येतो. मला सगळ्यात अवघड वाटला तो हाच भाग. या भूमिकेसाठी ज्युलियन मूरला ऑस्कर मिळालं.

आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विसरणं अंगावरच काढतात. पण हा आजार पासष्टीच्या आतही होतो. शिवाय थायरॉईड, ब-१२ ची कमतरता, नैराश्य यांमुळेही विसरायला होतं आणि त्यावर उपचार आहेत. तेव्हा डॉक्टरांना दाखवाच.

• शनिवारी रात्रीपर्यंत नाव कळवा. खुर्च्या ६०च आहेत.
• लहान मुलांना आणू नका. जीव संपवण्याच्या विचाराचा एक प्रसंग आहे. घरात असा रुग्ण असेल तर त्यांना आणण्याआधी नीट विचार करा.
• चर्चेत कुणी घरचं काही सांगितलं, तर ते हॉलबाहेर बोलायचं नाही. हा नियम सगळ्यांनी पाळायचाच.

जिंतूर, सेलूहून येणाऱ्यांनी परतीच्या एसटीची वेळ आधी सांगावी, चर्चा त्याप्रमाणे आवरती घेऊ.