निकाल मतदारांना लावू द्या

महोदय,
अर्ज माघारीची मुदत संपते न संपते तोच वाहिन्यांवरचे विश्लेषक ‘याचं डिपॉझिटही वाचणार नाही’ म्हणून मोकळे होतात, याची चीड येते. लातुरात लोकसभेला सलग सात वेळा जिंकलेल्या शिवराज पाटील चाकूरकरांना २००४ मध्ये रूपाताई पाटील निलंगेकरांनी हरवले, हे मराठवाडा विसरलेला नाही. पण एकदा असा शिक्का बसला की उमेदवाराला बूथवर बसायला पोरं मिळत नाहीत, वर्गणी आटते. आमच्या पारावरही ‘माणूस चांगला, पण मत वाया जाईल’ हेच ऐकू येते. सोयाबीनच्या भावाबद्दल, पाण्याबद्दल त्याचे म्हणणे काय, हे कुणी विचारतच नाही. वृत्तपत्रांनी तरी जातीची गणिते मांडण्याआधी प्रत्येक उमेदवाराची भूमिका छापावी.

– एक मतदार, अंबाजोगाई (जि. बीड)