ताई, तुमच्या नकाराबद्दल आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

गिटार घेऊन तुमच्या वर्कशॉपमध्ये आलो तेव्हा निदान मी घरूनच करून आलो होतो. टॉपवर, म्हणजे गिटारच्या पुढच्या फळीवर, तारा अडकवायच्या ब्रिजपासून खालच्या कडेपर्यंत चीर गेलेली. "टॉप बदला, आणि जमलं तर आवाजही थोडा वाढवून द्या," असं मी ऐटीत सांगितलं. तुम्ही गिटार मांडीवर घेतली, बोटाच्या पेरानं टॉपवर दोन-चार ठिकाणी ठकठक केलं, कान लावला आणि म्हणालात, "बदलायचं काही नाही. तहानलीय ती."

चूक माझीच होती. एसीच्या कोरड्या हवेत ती महिनोन्महिने भिंतीला टेकून उभी होती. जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीचं स्प्रूसचं (एका सूचिपर्णी झाडाचं) लाकूड, त्यावर सहा तारांचा मिळून 40 किलोच्या आसपास ताण. कोरड्या हवेत लाकूड रेषांच्या आडवं आकसतं. कडा मात्र चिकटवलेल्या, मग ते फाटणार नाही तर काय करणार?

पुढचे पंधरा दिवस तुम्ही तिला हातही लावला नाहीत. तारा सैल करून नुसती दमट खोलीत ठेवलीत. मी दर दोन दिवसांनी फोन करायचो (त्याबद्दल माफी), आणि तुमचं उत्तर ठरलेलं, "पिऊ दे तिला." सोळाव्या दिवशी आलो तर चीर आपोआप मिटत आली होती! मग कोमट सरस, आणि आतून नखाएवढ्या स्प्रूसच्या चकत्या, त्यांच्या रेषा चिरेला आडव्या. साउंडहोलमधून कोपरापर्यंत हात घालून, छोट्या आरशात बघत तुम्ही एकेक चकती बसवलीत. तेवढा वेळ मी श्वासही जपून घेत होतो.

त्याच आरशात तुम्ही मला आतल्या पट्ट्या दाखवल्यात. पंख्यासारख्या पसरलेल्या सात, आणि त्यातली एक बाकीच्यांपेक्षा बारीक. गिटार तुमच्या बाबांनी घडवलेली, त्यांच्या हातून रंधा जरा जास्त फिरला असणार. "ही सारखी करून टाका ना," मी म्हणालो. "बाबांची चूक असेलही," तुम्ही म्हणालात, "पण तुम्हाला आवडतो तो आवाज याच पट्टीसकट आहे." मागच्या-बाजूच्या शिसवीचं मी फार कौतुक करायचो, तेव्हा स्पेनमधला गिटार घडवणारा कारागीर तोर्रेस, त्याची गोष्टही सांगितलीत: 1862 साली त्यानं मागची आणि बाजूची अंगं चक्क कागदाच्या लगद्याची केली, टॉप तेवढा लाकडाचा, कारण आवाजाचं मूळ टॉपमध्ये आहे हे त्याला दाखवायचं होतं. त्या दिवसापासून शिसवीची बढाई बंद!

चीर दिसू नये म्हणून जाड लॅकर मारा, हाही हट्ट मी केला. तुम्ही लाखेचं पातळ पॉलिश फडक्यानं चढवलंत आणि चिरेची बारीक रेघ तशीच राहू दिलीत. आता सरावाला बसलो की नजर आधी तिथंच जाते, आणि खरं सांगू, ती नसती तर करमलं नसतं.

आजोबांपासून चालत आलेल्या पटाशीनं काम करणाऱ्या माणसानं स्वतःचं लेबल तरी लावावं, असं मला वाटत होतं. त्यालाही नाहीच म्हणालात. बाबांच्या लेबलाखाली पेन्सिलीनं फक्त दुरुस्तीची तारीख लिहिलीत.

पेटीत आर्द्रता मोजायचं यंत्र ठेवलंय. आज सकाळी काटा 48 वर होता.

तुमचा,
दर दोन दिवसांनी फोन करणारा