आप्पांची ट्रंक

चि. सोनू,

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास की आप्पा शेवटपर्यंत ड्रॉइंग मास्तरच राहिले. मी तेव्हा काही बोलले नाही पण रात्रभर तेच डोक्यात होतं, म्हणून लिहितेय.

अरे, एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका करून आप्पा शाळेत लागले तेव्हा चित्रकलेचा तास म्हणजे गणिताचा एक्स्ट्रा तास असायचा. आप्पा भांडत बसले नाहीत, त्यांनी एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांची तयारी सकाळी सात वाजता आमच्या ओट्यावर सुरू केली, फी काही नाही, फक्त पाण्याचा डबा ज्याचा त्याने आणायचा. समोर मांडायला घरातला तांब्या आणि भरताची हिरवी वांगी. वांग्यावरची चमक रंगवायची नसते म्हणायचे, तेवढा कागद कोरा सोडायचा. संध्याकाळी त्याच वांग्यांचं भरीत.

दरवर्षी पोरांना एसटीने अजिंठ्याला न्यायचे. 1 नंबरच्या लेणीत पद्मपाणीसमोर आधी सगळ्यांना गप्प उभं करायचे, मग हळू आवाजात सांगायचे, की आधी दगडावर मातीचा लेप, त्यात भाताचं तूस, वरून चुना, मग रंग, आणि निळा मात्र पार अफगाणिस्तानातून आलेला दगड कुटून केलेला.

आणि रेडिओ! श्रुतिकांच्या, म्हणजे रेडिओवरच्या नाटकांच्या, ऑडिशनला पहिल्यांदा नापास झाले होते, तरी परत गेले. मी सहावीत असताना एकदा त्यांच्यासोबत आकाशवाणी जळगावला गेलेले. स्क्रिप्टची टाचणी काढून पानं सुटी करायची, वाचून झालेलं पान अलगद बाजूला सरकवायचं, कारण कागदाची खरखर माइक लगेच पकडतो. लांबून हाक मारायची असेल तर नुसता आवाज बारीक करून जमत नाही, माइकपासून दोन पावलं मागे सरायचं आणि तिथून मोठ्याने हाक द्यायची. दुसऱ्या दिवशी ओट्यावर पोरांना हेच, लांबचं झाड नुसतं छोटं काढू नका रे, रंग पण फिका करा.

श्रुतिकेत ते अहिराणी बोलणारा म्हातारा झाले की अख्खी गल्ली रेडिओला चिकटायची. "काय करी ऱ्हायना भाऊ" एवढंच म्हटलं तरी आजीच्या डोळ्यात पाणी, म्हणायची हा तर माझ्या सासऱ्यांचा आवाज.

काल ट्रंक उघडली. श्रुतिकेच्या एका पानामागे पेन्सिलने तू आहेस, सव्वा वर्षाचा, पालथा झोपलेला, एक पाय गोधडीबाहेर. फोटो काढून पाठवणार नाही. कागद घडीवर फाटायला आलाय, दिवाळीला ये आणि स्वतःच्या हाताने उघड.

तुझी,
आई