बेळगावातल्या वडगावच्या अक्कांस, पाडव्याच्या निमित्तानं

प्रिय अक्का,

तुम्ही लेकीकडं हुबळीला गेलात आणि शेजारची गच्ची ओस पडली. परवा गुढी उतरवताना हात थांबला. तुमचे आभार कधी मानलेच नाहीत, ते आज चारचौघांत मानते.

२४ मार्च २०२०. रात्री आठला टीव्हीवर ऐकलं, बारापासून देश बंद. दुसऱ्या दिवशी पाडवा! वेळू, कडुलिंब, साखरेची माळ, सगळं ‘सकाळी गणपत गल्लीतनं आणू’ म्हणून ठेवलेलं. (आयत्या वेळी धावायचा आमच्या घरातला रोग तुम्हाला माहीतच आहे.) सासूबाई म्हणाल्या, “गुढी नाही तर वर्ष लागायचं कसं?”

सकाळी विणकरांच्या मागांची खडखड नव्हती. लग्न होऊन वडगावात आल्यापासून असली सकाळ मी बघितली नव्हती. तेवढ्यात तुमची हाक, “दोरी धर की गं!” बोळावरनं पिशवी सरकत आली. परसातल्या कडुलिंबाचे मोहोरासकट डहाळे, वाटीत तुमच्या उगादीचं बेवु-बेल्ल, म्हणजे कडुलिंब-गूळ, आणि खाली घडी घातलेली हिरवी शहापुरी साडी. नुकतीच मागावरनं उतरलेली, पदराचे धागे सुटेच.

“नेसव गुढीला. व्यापारी कुठला येतोय आता,” म्हणून तुम्ही हसलात. मीही हसले. पुढं तुम्ही माग विकायला काढलात, तेव्हा त्या बोलण्यातलं ओझं मला कळलं.

वेळूऐवजी जळमटं काढायची काठी धुऊन घेतली. तुमच्या अण्णांनी गच्चीतनं कन्नड पंचांग वाचलं: शके १९४२, शार्वरी नाम संवत्सर. आमच्या पंचांगातही तेच. “शार्वरी म्हणजे रात्र गं,” सासूबाई पुटपुटल्या. मग बेवु-बेल्ल तोंडात टाकून म्हणाल्या, “गूळ जरा जास्तच घातलाय अक्कानं.”

तिथून गल्लीला गच्चीची सवय लागली. वैशाखात शिवजयंतीचे चित्ररथ निघाले नाहीत, तर आम्ही कठड्यांवर पणत्या लावून पाळणा म्हटला. गणपतीत सार्वजनिक मूर्तीला चार फुटांची मर्यादा आली, मिरवणूक नाही. आरतीला गच्च्या भरल्या. टाळ कमी पडले म्हणून तुम्ही परात बडवली होती, आठवतंय?

साडीचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. यंदाही गुढीला तीच नेसवली. पदराचे धागे अजून तसेच आहेत, त्यांच्या गाठी तुम्हीच येऊन मारायच्या. आणि कडुलिंब आता आमच्या कठड्यावर आलाय, दोरी लागत नाही.

तुमची,
बोळापलीकडची