बाबा, तुमचा राजा सापडला

स्विंडन, इंग्लंड,
ऑक्टोबर

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

लिस्बनचे फोटो ग्रुपवर टाकले तर मावशीने बदाम पाठवले, दादाने खर्च विचारला आणि बाबांनी दोनच शब्द लिहिले, "गामा पाहिलास?" वास्को द गामाची कबर तिथेच ना. एवढ्याशा प्रश्नाचं उत्तर अंगठ्याने टाइप करायचं माझ्या जिवावर आलं. म्हणून कागद घेऊन बसलेय. अक्षर लावून घ्या.

आधी एल्विनाचं सांगते. माझ्या वॉर्डातली, गोव्यातल्या कुडतरीची, फोनवर आईशी कोकणीत गप्पा मारते ती. तिच्याकडे पोर्तुगालचा पासपोर्ट आहे. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना तो मिळू शकतो, हिला आजोबांमुळे मिळाला. इथले बरेच गोंयकार त्याच पासपोर्टवर आलेत. पण बाईसाहेबांनी पोर्तुगाल कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं! विमानतळावर ती युरोपवाल्यांच्या गेटमधून दोन मिनिटांत पलीकडे. मी व्हिसा, हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट असा सगळा संसार हातात धरून लांबलचक रांगेत. ती पलीकडून हात हलवत होती. तिची फजिती हॉटेलवर झाली. काउंटरवरच्या मुलाने पासपोर्ट पाहिला आणि धडाधड पोर्तुगीज सुरू केलं. हिला त्यातलं "बॉम दिया" सोडून काही कळेना. मग तिने मान खाली घालून इंग्रजीत खोलीची किल्ली मागितली.

तर गामा. पाहिला, बाबा. नदीकाठाने ट्रॅमने बेलेमला जायचं. तिथला जेरोनिमोस मठ सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधायला घेतला, तोही मसाल्याच्या व्यापारावर बसवलेल्या करातून, म्हणजे आपल्याकडच्या मिऱ्यांच्या पैशातून. दगडात दोरखंड, पोवळी, पानंफुलं इतकी कोरलीत की डोळा कुठे ठरत नाही. चर्चच्या दारातून आत गेलं की लगेच गामाची कबर, समोरच्या बाजूला कवी कामोंइशची. गामा उताणा, हात जोडलेला, पेटीच्या अंगावर गलबत. तो मेला कोचीत, १५२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी, आणि तिथेच पुरला होता. अस्थी १५३९ मध्ये पोर्तुगालला नेल्या, आणि या मठात तर तो १८८० मध्ये आला. त्यामुळे कबर बघून "पाचशे वर्षांपूर्वीची" असं म्हणणाऱ्या मागच्या काकांना मी मनातल्या मनात दुरुस्त केलं. तुमचीच मुलगी.

पण मला गामापेक्षा हत्ती आवडले. वेदीच्या दोन्ही बाजूंना राजा-राण्यांच्या दगडी शवपेट्या आहेत आणि त्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवल्या आहेत. सोंड खाली, कान पाठीला चिकटलेले, एवढं ओझं घेऊन बिचारे उभे. एका बाजूला मानुएल राजा. याने १५१४ मध्ये पोपला हिंदुस्थानातला खराखुरा हत्ती भेट पाठवला होता. त्याचा मुलगा तिसरा जुआंव दुसऱ्या बाजूला, आणि त्याच्याच कारकिर्दीत, १५३४ मध्ये, गुजरातच्या बहादूरशहाने आपली वसई पोर्तुगिजांना देऊन टाकली. मी एल्विनाला म्हटलं, "हा आमचा." तिने मानुएलकडे बोट दाखवलं, "आमचो पलतडी." गोवा १५१० मध्ये गेला ना. दोघी हसायला लागलो तर सुरक्षारक्षकाने दटावलं.

समोर नदीकाठी दर्यावर्दींचं स्मारक आहे, हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत १९६० मध्ये उभारलेलं. त्याच्या पायथ्याशी फरसबंदीत भलंमोठं होकायंत्र आणि मधोमध जगाचा नकाशा, पोर्तुगीज कुठल्या किनाऱ्याला कधी लागले त्या सालांसकट. मुलं त्यावर एका खंडावरून दुसऱ्या खंडावर उड्या मारत होती. पोहोचल्याची सालं आहेत, पण निघाल्याचं एकही नाही. वसईचं १७३९ नाही, गोव्याचं १९६१ नाही. बाबा, तुम्ही असता तर खिशातून खडू काढला असतात.

शहराचं म्हणाल तर सगळं चढ-उतार, आणि फुटपाथवर पांढऱ्या-काळ्या दगडांच्या चौकोनी तुकड्यांची नक्षी. दिसायला देखणी, पण पावलांनी घासून अशी गुळगुळीत झालीय की उतारावर मी एल्विनाचा दंड सोडला नाही. २८ नंबरच्या पिवळ्या ट्रॅमचं फार कौतुक ऐकलं होतं. बसू नये. विरारची सकाळची लोकल परवडली, आणि वर पाकीटमारांच्या पाट्या.

कार्मोचं चर्च मात्र मी विसरणार नाही. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्चं भरलेली, मेणबत्त्या पेटलेल्या. भूकंप झाला, मग समुद्राच्या लाटा आल्या आणि नंतर कित्येक दिवस आग. कार्मोचं छप्पर कोसळलं ते पुन्हा पुरतं घातलंच नाही. कमानी उभ्या आहेत, वर उघडं आभाळ. वसईच्या किल्ल्यात आपल्याला हेच बघायची सवय. फरक इतकाच की इथे तिकीट आहे, आत नीटनेटकं संग्रहालय आहे, भिंतीत पिंपळ रुजलेला नाही आणि प्री-वेडिंगची जोडपी नाहीत.

आता बाबा, नीट वाचा. शेवटच्या दिवशी आम्ही आल्फामाची जुनी वस्ती चढून सां व्हिसेंत द फोरा या मठात गेलो. तिथल्या जुन्या भोजनगृहात ब्रागांझा राजघराण्याच्या शवपेट्या ठेवल्यात. गर्दी असते ती १९०८ मध्ये भर चौकात गोळ्या घातलेल्या राजाच्या आणि युवराजाच्या पेट्यांसमोर, तिथे रडणाऱ्या बाईचा पुतळाही आहे. मी आपली नावं वाचत फिरत होते. कॅथरीन सापडली, जिच्या लग्नासाठी १६६१ च्या तहात मुंबई आंदण म्हणून इंग्रजांना दिली. आणि तिच्याच घराण्यात पाचवा जुआंव, कारकीर्द १७०६ ते १७५०.

हा तुमचा. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा गादीवर हा होता. वर्गात तुम्ही वेढा शिकवायचात तेव्हा सुरुंग फुटला की आम्ही बाक वाजवायचो, पण या माणसाचं नाव तुमच्या तोंडून ऐकल्याचं मला आठवत नाही. ब्राझीलचं सोनं याच्या काळात आलं. त्यातून याने माफ्राचा प्रचंड राजवाडा उठवला. लिस्बनला पाणी आणणारा कमानींचा कालवाही याच्याच वेळचा. त्याचं काम १७३१ मध्ये सुरू झालं आणि पाणी आलं १७४८ मध्ये. म्हणजे आपल्याकडे बुरूज ढासळत होते तेव्हा इथे गवंडी कमानी चढवत होते! सगळ्यात उंच कमान ६५ मीटरची, आणि १७५५ चा भूकंप तिने पचवला. गाडीतून जाताना ती दिसते. मला वाटतं वसई हे त्याच्या दृष्टीने फार लांबून आलेलं एक वाईट पत्र असणार. आपल्यासाठी केवढा तो विजय, आणि इथे त्याची साधी पाटी नाही. मला राग आला नाही, पण तुम्हाला सांगावंसं वाटलं. त्याच्यापुढे कोणी थांबत नव्हतं, म्हणून मी जरा वेळ थांबले.

त्याच मठात निळ्या-पांढऱ्या फरशांवर फ्रेंच लेखक ला फोंतेनच्या बोधकथांची ३८ चित्रं आहेत. कोल्हा, करकोचा, कावळा, सगळी आपली पंचतंत्रातली मंडळी वाटतात. एल्विना तिथून हलेचना. गच्चीवर गेलो आणि घंटा वाजली, इतक्या जवळून की कान झाकले. वाईजवळच्या मेणवलीची घंटा आठवली, आपल्या वसईहून गेलेली.

आई, तुझ्यासाठी: इथे सुकवलेल्या खारवलेल्या कॉड माशाची फळीएवढी तुकडी दुकानात रचून ठेवतात आणि ती भिजवून, बटाटा-अंडं घालून करतात. मला ठीक वाटलं, मसाला कुठेय असं होतं. अंड्याच्या पिवळ्याची गोड पेस्ट्री, पाश्तेल द नाता, बेलेमला १८३७ पासून एकाच दुकानात मिळते. वर दालचिनी भुरभुरायची. ती मात्र गरम असताना खाल्ली की थांबवत नाही. आणि कॅफेच्या काचेमागे समोसे! एल्विना काचेला नाक लावून ओरडली, "हो आमचोच सामोसो गो!" आत खिमा होता, तिखट बेताचं.

एल्विना नाताळानंतर गावी जाताना आपल्याकडे उतरणार आहे. बाबा, तिला किल्ला दाखवा, पण जेवायच्या आत परत आणा, मागच्या पाहुण्यांसारखं दोन वाजवू नका. आई, ती भेंडी सोडून सगळं खाते. येताना तिच्याकडे सुकेळी दे, दोन पुडे, आणि आगळाची बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून. सुके बोंबील देऊ नकोस, मागच्या खेपेला सगळ्या कपड्यांना वास लागला होता.

आजीला नमस्कार सांगा. बीपीच्या गोळ्या घेते का, ते कळवा.

तुमची,
मनू